पुढे गेलेला माणूस: शुभवर्तमानांतला बाप्तिस्मा करणारा योहान पहिल्यांदा वाचताना

शुभवर्तमान, म्हणजे येशूंची गोष्ट सांगणारे बायबलमधले पुस्तक, पहिल्यांदाच हातात घेणाऱ्याची गाडी योहानापाशी अडते, आणि अडते ती नावावरूनच. चौथ्या शुभवर्तमानाचे नाव योहान. परंपरेने ते ज्याच्या नावावर आहे तो जब्दीचा मुलगा, येशूंच्या बारा शिष्यांतला एक. यार्देन नदीकाठी उंटाच्या केसांचे वस्त्र नेसून उभा असलेला योहान निराळा. तो बारा जणांत नाही. त्याने स्वतः लिहिलेली एक ओळही आपल्यापर्यंत आलेली नाही, आणि येशूंचे कार्य अर्ध्यावर असतानाच तो मारला जातो. तरीही चारही शुभवर्तमाने येशूंच्या कार्याची गोष्ट त्याच्यापासूनच सुरू करतात.

हा लेख त्या दुसऱ्या योहानाला भेटू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही ख्रिस्ती असा वा नसा, चार-पाच संध्याकाळी आणि एक वही एवढे पुरे.

योहानाला मराठीत अग्रदूत म्हणतात. ग्रीक मंडळी (चर्च) त्याला 'प्रोद्रोमोस' म्हणते, म्हणजे पुढे धावणारा. गंमत अशी की नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, हा शब्द फक्त एकदाच येतो, इब्री लोकांस पत्रात ६:२० मध्ये, आणि तोही येशूंसाठी. योहानाला ही पदवी पुढच्या पिढ्यांनी दिली. पण ती चपखल आहे, कारण योहानाचे काम नुसती वर्दी देण्याचे नव्हते. पालखीपुढचा चोपदार ललकारी देतो आणि बाजूला होतो. पुढे जे घडायचे ते पालखीतल्याचे. योहान मात्र ज्या वाटेची घोषणा करतो त्या वाटेने स्वतः आधी चालून जातो: उपदेश, अटक, मरण. शुभवर्तमाने वाचताना हा धागा हातून सोडू नका. बाकीचे पुष्कळसे त्यानेच उलगडते.

आधी थोडी तयारी

तुमच्याकडे जे मराठी बायबल असेल ते चालेल. कुठे 'बाप्तिस्मा' असा शब्द दिसेल, कुठे 'स्नानसंस्कार'. गोष्ट एकच आहे. वचनांचे शब्दही प्रतीप्रतीत थोडे बदलतात, त्यामुळे मी खाली वचने शब्दशः न देता त्यांचा आशय सांगतो आणि जागा सांगतो. मार्क १:४ म्हणजे मार्काच्या पहिल्या अध्यायातले चौथे वचन.

वहीच्या पहिल्या पानावर काही नावे लिहून ठेवा, नाहीतर पुढे घोटाळा होतो. थोरला हेरोद राजा: योहान आणि येशू जन्मले तेव्हाचा. त्याचा मुलगा हेरोद अंतिपा: गालीलचा मांडलिक, योहानाला मारणारा. शुभवर्तमाने दोघांनाही नुसते 'हेरोद' म्हणतात. मग एलीया, जुन्या करारातला संदेष्टा. अलीशा, त्याचा शिष्य. आणि अलीशिबा, योहानाची आई. नंतर एका कोऱ्या जोडपानावर चार रकाने आखा: मत्तय, मार्क, लूक, योहान. त्यांचे काम पुढे पडेल.

पहिली संध्याकाळ: मार्काची पंधरा वचने

सुरुवात मार्कापासून करा, मत्तयापासून नको. बहुतेक अभ्यासकांच्या मते मार्क सर्वांत जुना आहे, आणि तो सर्वांत छोटा तर आहेच. त्यात जन्मकथा नाही, वंशावळ नाही. मार्क १:१ ते १:१५ एकदा मोठ्याने वाचा. दोन-तीन मिनिटे लागतील.

पहिल्या वचनात येशू ख्रिस्ताच्या शुभवर्तमानाचा प्रारंभ असे म्हटले आहे. मग येशू येतील अशी अपेक्षा असते, आणि येतो योहान. आठ वचनांपर्यंत फक्त तोच. तो कुठून आला, कोणाचा कोण, काही सांगितलेले नाही. तो अरण्यात आहे, पश्चात्तापाचा बाप्तिस्मा घोषित करतो आहे आणि म्हणतो आहे, माझ्यामागून येणारा माझ्यापेक्षा समर्थ आहे, त्याच्या पायतणाचा बंद वाकून सोडायचीही माझी लायकी नाही. पायतण सोडणे हे दासाचे काम. योहान स्वतःला त्याच्याही खाली ठेवतो.

आता १:१४ खाली रेघ मारा. योहानाला अटक झाल्यावर येशू गालीलात येऊन उपदेश करू लागले. नवा वाचक हे वचन पाऊण सेकंदात ओलांडतो. पण इथे मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे त्याचा अर्थ 'हवाली करणे' असा आहे. पुढे मार्क ९:३१ आणि १०:३३ मध्ये येशू आपण माणसांच्या हवाली केले जाऊ असे सांगतात, तेव्हाही तेच क्रियापद. १३:९ मध्ये शिष्यांना 'तुम्हांला न्यायसभांच्या हवाली करतील' असे बजावतात, तेव्हाही तेच. योहानाने उपदेश केला आणि तो हवाली झाला. येशूंनी उपदेश केला आणि ते हवाली झाले. शिष्य उपदेश करतील आणि हवाली होतील. मार्काने एका शब्दाच्या दोऱ्यात तिघांना ओवले आहे. भाषांतरांत एका जागी 'अटक', दुसऱ्या जागी 'हवाली' असे झाले की दोरा दिसेनासा होतो, म्हणून या चारही जागा वहीत एकाखाली एक लिहा.

दुसरी संध्याकाळ: मागची पाने

योहानाला जे लोक नदीवर पाहायला गेले, त्यांना त्याच्याकडे पाहताच काय आठवले असेल, हे कळायला जुन्या करारात जावे लागते. फार नाही, चारच जागा.

पहिली यशया ४०:१-५. यहूदी लोक बाबेलच्या बंदिवासात असतानाचे हे सांत्वन आहे. राजा यायचा असला की रस्ता दुरुस्त करतात, खड्डे बुजवतात, चढ काढतात. तसा अरण्यातून परमेश्वरासाठी रस्ता करा, असे एक वाणी पुकारते. मूळ इब्रीत 'अरण्यात' हा शब्द रस्त्याला जोडून वाचला जातो: अरण्यात मार्ग तयार करा. शुभवर्तमानकार ज्या ग्रीक भाषांतराच्या वळणाने जातात त्यात तो वाणीला जोडला जातो: अरण्यात पुकारणाऱ्याची वाणी. विरामचिन्ह सरकले आणि योहानाला त्याची जागा मिळाली. मृत समुद्राजवळ कुमरान इथे जो पंथ राहत होता, त्यांच्या नियमग्रंथातही हेच वचन आहे. अरण्यात जाऊन शास्त्राचा अभ्यास करणे म्हणजेच मार्ग तयार करणे, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला. योहान त्या पंथातला होता असे यावरून म्हणता येत नाही. पण हे वचन त्या काळी अनेकांच्या मनात घोळत होते, एवढे नक्की.

दुसरी मलाखी ३:१ आणि ४:५-६. माझ्यापुढे वाट तयार करणारा निरोप्या पाठवतो, असे परमेश्वर म्हणतो, आणि शेवटी त्याचे नावही सांगतो: एलीया. परमेश्वराचा मोठा दिवस येण्याआधी एलीया येईल आणि बापांची मने मुलांकडे आणि मुलांची बापांकडे वळवील. ख्रिस्ती क्रमानुसार जुना करार इथेच संपतो. पान उलटले की नवा करार. (यहूदी क्रम वेगळा आहे, त्यांचा शेवटचा ग्रंथ इतिहासाचा.) यहूदी घरांत आजही वल्हांडण सणाच्या जेवणात एलीयासाठी एक पेला भरून ठेवतात आणि दार उघडतात. ही वाट पाहणे किती खोल होते याची कल्पना त्यावरून यावी.

तिसरी जागा अगदी लहान, २ राजे १:८. राजा विचारतो, तो माणूस दिसायला कसा होता? उत्तर येते: केसाळ, आणि कमरेला कातड्याचा पट्टा. राजा लगेच ओळखतो, तो एलीयाच. आता मार्क १:६ पुन्हा वाचा: उंटाच्या केसांचे वस्त्र, कमरेला कातड्याचा पट्टा. मार्क योहानाच्या कपड्यांबद्दल उगाच सांगत नाही. चौथी, २ राजे २:१-१४: एलीया यार्देन ओलांडून गेला आणि पलीकडे वावटळीतून वर घेतला गेला. म्हणजे एलीया जिथून गेला त्याच नदीच्या काठी त्याच्यासारखा दिसणारा माणूस उभा राहिला होता.

नदीकाठी उतरताना

यरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे. यार्देन मृत समुद्राला मिळते ती जागा समुद्रसपाटीच्या सुमारे ४०० मीटर खाली. शहरातून योहानाकडे जायचे म्हणजे उजाड डोंगरांतून मोठा घाट उतरायचा आणि परतताना तोच चढायचा. लोक इतके कष्ट घेऊन गेले ते तमाशा पाहायला नाही. यहोशवाच्या काळी इस्राएल लोक हीच नदी ओलांडून आपल्या भूमीत आले होते, त्यामुळे त्या पाण्यात उतरणे म्हणजे राष्ट्राने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणे, असेही त्यांना वाटले असणार. आज जॉर्डनच्या बाजूचे अल-मघतास हे ठिकाण बाप्तिस्म्याची जागा म्हणून दाखवतात. २०१५ साली ते जागतिक वारसा यादीत आले.

शुद्धीचे स्नान यहुद्यांना नवे नव्हते. पण ते ज्याचे त्याने, पुन्हा पुन्हा करायचे असे. इथे दुसरा माणूस तुम्हांला पाण्यात घालतो, आणि त्याआधी तुम्ही आपली पापे कबूल करता. म्हणूनच 'बाप्तिस्मा करणारा' हे त्याचे नावच पडले. टोळ आणि रानमध या आहाराचे नवख्यांना नवल वाटते, तर लेवीय ११:२२ पाहा: टोळ खायला नियमशास्त्राची परवानगी आहे. अरण्यात जे मिळेल ते आणि कोणाचे मिंधे न होता, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

तिसरी संध्याकाळ: मग आम्ही काय करावे?

लूक ३:१-२० सावकाश वाचा. माझ्या मते योहानाला ओळखायला याहून चांगली जागा नाही, आणि उपासनेत मात्र तिच्यावर फारसे बोलले जात नाही.

लूक काळ सांगतो: तिबिर्य कैसराचे पंधरावे वर्ष, म्हणजे साधारण इ. स. २८-२९. कैसर, पिलात, अंतिपा, त्याचा भाऊ फिलिप्प, लुसनिय, आणि हन्ना व कयफा हे प्रमुख याजक, अशी सगळी सत्ताधाऱ्यांची यादी देऊन तो म्हणतो, देवाचे वचन अरण्यात जखऱ्याच्या मुलाकडे आले. एवढ्या राजवाड्यांना आणि मंदिराला वळसा घालून ते तिथे गेले.

मग योहानाचा कडक आवाज ऐकू येतो. सापांच्या पिल्लांनो, येणाऱ्या क्रोधापासून पळायला तुम्हांला कोणी सुचवले? अब्राहाम आमचा बाप आहे असे मनातल्या मनात म्हणू नका. देव या दगडांतून अब्राहामाला मुले उत्पन्न करील. कुऱ्हाड झाडांच्या मुळाशी ठेवलेली आहे. मत्तयात हे शब्द परूशी आणि सदूकी या यहूदी धर्मपंथांना उद्देशून आहेत, लूकात सगळ्या जमावाला. दोन्ही रकान्यांत नोंद करा.

यानंतर येतात ती ३:१० ते १४ ही पाच वचने. लोक घाबरून विचारतात, मग आम्ही काय करावे? मघाचा आवेश पाहता तो म्हणेल असे वाटते की घरदार सोडा, माझ्यासारखे अरण्यात या. तो म्हणतो, ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने नसलेल्याला एक द्यावा, अन्नाचेही तसेच. जकातदार येतात. हे वसुलीचे ठेके घेऊन लोकांना नाडणारे, समाजाने टाकलेले. त्यांना तो नोकरी सोडा म्हणत नाही. ठरवून दिल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपाई येतात. त्यांना तो म्हणतो, दमदाटीने कोणाचे उकळू नका, खोटे आळ घेऊ नका, आपल्या पगारात भागवा.

मला हे वाचताना दर वेळी थांबावे लागते. कुऱ्हाड आणि अग्नी यांच्या बोलण्याखाली योहानाने मागितले ते इतके घरगुती आहे की कोणीही उद्या सकाळी सुरू करू शकतो, आणि म्हणूनच ते टाळणे अवघड जाते. मार्ग तयार करणे म्हणजे नेमके काय, याचे लूकाने दिलेले उत्तर हे आहे. खड्डे बुजवायचे आणि टेकाडे सपाट करायची ती दोन अंगरखेवाला आणि बिनअंगरखेवाला यांच्यामधली. लूकच एकटा यशयाचे वचन पुढे नेऊन खोरी भरतील, डोंगर खाली येतील इथपर्यंत उद्धृत करतो, हे आता वेगळ्या डोळ्यांनी दिसेल.

एक प्रतिमा मनात ठेवा, पुढे लागणार आहे: ३:१७ मधले खळे. येणारा हातात सूप घेऊन येईल, खळे साफ करील, गहू कोठारात आणि भूस न विझणाऱ्या अग्नीत. ज्याने गावाकडची उपणणी पाहिली आहे त्याला हे समजावून सांगायला नको. येणारा निवाडा करील, तोही लगेच, अशी योहानाची अपेक्षा आहे.

चार रकाने भरताना

आता येशूंचा बाप्तिस्मा चारही ठिकाणी शोधा: मत्तय ३:१३-१७, मार्क १:९-११, लूक ३:२१-२२, योहान १:२९-३४. रकान्यांत फक्त फरक लिहा.

मार्क सरळ सांगतो: योहानाने येशूंना बाप्तिस्मा दिला. मत्तयात योहान आधी आढेवेढे घेतो, बाप्तिस्मा तर मला आपल्याकडून घ्यायला हवा. येशू म्हणतात, आत्ता होऊ दे. मार्क आणि लूक बाप्तिस्म्याबरोबर 'पापांच्या क्षमेसाठी' असे म्हणतात. मत्तय ते शब्द तिथे घालत नाही, त्याच्याकडे ते येशूंच्या शेवटच्या जेवणातल्या पेल्याशी येतात, २६:२८ मध्ये. लूक योहानाच्या तुरुंगवासाची बातमी ३:२० मध्येच उरकतो आणि मग बाप्तिस्मा झाला असे म्हणतो, कोणी दिला ते न सांगता. चौथ्या शुभवर्तमानात तर बाप्तिस्म्याचा प्रसंगच नाही. योहान फक्त साक्ष देतो की आत्मा कबुतरासारखा उतरताना मी पाहिला, आणि म्हणतो, पाहा, देवाचा कोकरा. त्या शुभवर्तमानात त्याला 'बाप्तिस्मा करणारा' असे नावही लावलेले नाही. तिथे तो साक्षीदार आहे.

हे फरक पाहून काही जण बिचकतात. बिचकू नका. श्रेष्ठाने कनिष्ठाच्या हातून पश्चात्तापाचा बाप्तिस्मा घ्यावा, हे पहिल्या मंडळीला समजावून सांगणे जड गेले, आणि प्रत्येक लेखक आपल्या परीने ते सांगतो आहे. जी गोष्ट सांगताना अडचण होते ती कोणी पदरची रचत नाही, म्हणून इतिहासकारही हा बाप्तिस्मा येशूंच्या चरित्रातल्या सर्वांत भरवशाच्या घटनांमध्ये धरतात.

'तू एलीया आहेस काय?'

योहान १:१९-२८ मध्ये यरुशलेमहून याजक आणि लेवी (मंदिरातले सेवक) चौकशीला येतात. तू ख्रिस्त आहेस काय? नाही. एलीया? नाही. लोक ज्याची वाट पाहत आहेत तो संदेष्टा? नाही. त्याची उत्तरे दर खेपेला आखूड होत जातात. शेवटी ते काकुळतीने विचारतात, मग आम्हांला पाठवणाऱ्यांना काय सांगू? तो म्हणतो, मी वाणी आहे. नुसता आवाज.

आणि मत्तय ११:१४ मध्ये येशू म्हणतात, तुम्ही मानून घ्याल तर येणारा एलीया तो हाच. नवख्याचा प्रश्न रास्त आहे: मग खरे कोणाचे? लूक १:१७ मधला शब्दप्रयोग इथे कामी येतो: एलीयाच्या आत्म्याने आणि सामर्थ्याने तो पुढे चालेल. वर गेलेला एलीया सदेह परतला, असे कोणीच म्हणत नाही. त्याचे काम मात्र योहानाने केले. ते त्याने स्वतःच्या तोंडाने म्हटले नाही, दुसऱ्याने म्हटले. मला दोन्ही वचने शेजारी शेजारी ठेवलेलीच बरी वाटतात. मार्क ९:११-१३ ही जागाही पाहा. डोंगरावरून उतरताना शिष्य विचारतात, आधी एलीया यायचा ना? येशू म्हणतात, एलीया आलाच आहे, आणि लोकांनी त्याचे हवे ते केले. आपल्याबद्दलही ते त्याच दमात बोलतात.

चौथी संध्याकाळ: तुरुंगातून आलेला निरोप

मत्तय ११:२-१९ घ्या. योहान तुरुंगात आहे. तिथून तो शिष्यांना पाठवून येशूंना विचारतो: जे येणार होते ते आपणच, की आम्ही दुसऱ्या कोणाची वाट पाहावी?

ज्याने नदीवर बोट दाखवून सांगितले, त्यानेच हे विचारावे? अनेक प्राचीन भाष्यकारांना हे इतके खटकले की त्यांनी म्हटले, योहानाला शंका नव्हती, शिष्यांची खात्री पटावी म्हणून त्याने त्यांना पाठवले. त्यांच्याविषयी आदर ठेवूनही मी नव्या वाचकाला सांगेन की तो प्रश्न योहानाचाच राहू द्या. मघाचे खळे आठवा. त्याने सूप आणि अग्नी घेऊन येणाऱ्याची घोषणा केली होती. प्रत्यक्षात येशू जकातदारांच्या पंगतीला बसत आहेत, आजाऱ्यांना हात लावत आहेत. भूस जळत नाही, आणि अंतिपा सिंहासनावर आहे. अग्रदूताला पुढचे सगळे दिसत नाही. त्याला वाट माहीत आहे. त्या वाटेने येणारा कसा येईल, हे त्यालाही पाहूनच शिकावे लागते.

येशूंचे उत्तर यशयाच्या शब्दांत आहे: आंधळे पाहतात, पांगळे चालतात, कुष्ठरोगी शुद्ध होतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठवले जातात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते. आता यशया ६१:१ उघडा. तिथे गरिबांच्या सुवार्तेबरोबर आणखी एक गोष्ट आहे: बंदिवानांची सुटका. लूक ४:१८ मध्ये नासरेथच्या सभास्थानात येशू ती ओळ वाचतात. तुरुंगातल्या योहानाला पाठवलेल्या उत्तरात ती ओळ नाही. त्याऐवजी आहे: जो माझ्याविषयी अडखळत नाही तो धन्य. आमच्या वाचनाच्या गटात हे पहिल्यांदा शेजारी ठेवून वाचले तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही.

निरोप्ये निघून गेल्यावर येशू लोकांकडे वळून योहानाची स्तुती करतात. त्याच्या कानावर ती जाणार नाही अशा वेळी. अरण्यात काय पाहायला गेला होता, वाऱ्याने हलणारा बोरू? तलम वस्त्रे नेसलेला माणूस? ते तर राजवाड्यांत असतात. अंतिपाने तिबिर्या शहर वसवताना पाडलेल्या नाण्यांवर बोरूचे रोप आहे, त्यामुळे काही अभ्यासकांना या वाक्यात त्याच्याकडे रोख दिसतो. पुढचे वाक्य अवघड आहे: स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कोणी नाही, तरी स्वर्गाच्या राज्यात जो कनिष्ठ तो त्याच्याहून मोठा. हे योहानाला कमी लेखणे नाही. तो उंबरठ्यावर उभा आहे, दार धरून. आत पाऊल टाकणाऱ्या लहान मुलालाही जे दिसते ते दार धरणाऱ्याला अजून दिसलेले नाही.

मेजवानीची रात्र

मार्क ६:१४-२९ सगळ्यांना ठाऊक असलेली कथा आहे: हेरोदाचा वाढदिवस, हेरोदियाच्या मुलीचा नाच, तबकात शिर. तरी तीन सूचना.

मुलीचे नाव शुभवर्तमानांत नाही. सलोमी हे नाव यहूदी इतिहासकार जोसेफस देतो. त्याने पहिल्या शतकाच्या शेवटी लिहिलेल्या यहुद्यांच्या इतिहासात योहानाची स्वतंत्र हकिकत आहे, आणि तीत मेजवानी नाही. त्याच्या मते लोक योहानाच्या शब्दावर काहीही करतील असे दिसू लागले, तेव्हा बंडाच्या भीतीने अंतिपाने त्याला मखेरस किल्ल्यावर नेऊन मारले. हा किल्ला मृत समुद्राच्या पूर्वेला, आजच्या जॉर्डनमध्ये आहे. हेरोदियासाठी अंतिपाने आपली पहिली बायको, नबातियांचा राजा अरीतास याची मुलगी, सोडली होती. पुढे अरीतासाने त्याच्या सैन्याचा धुव्वा उडवला, तेव्हा ही योहानाच्या हत्येची शिक्षा, असे यहूदी लोक म्हणू लागले. मार्क भावाच्या बायकोशी केलेल्या लग्नाचा दोष सांगतो, जोसेफस राजकीय भय सांगतो. राजाचे लग्न हे राजकारणच असते, तेव्हा दोन्ही कारणे एकत्र नांदू शकतात.

दुसरे, ही कथा मार्काने कुठे ठेवली आहे ते पाहा. ६:७-१३ मध्ये येशू बारा जणांना उपदेशाला पाठवतात. ६:३० मध्ये ते परत येतात. मधल्या जागेत योहानाचे मरण. पहिल्या संध्याकाळचा दोरा इथे पुन्हा हाताला लागतो: पाठवल्या जाणाऱ्यांना वाटेच्या शेवटी काय असू शकते, ते आधी गेलेल्याने दाखवले.

तिसरे, ६:२९. योहानाचे शिष्य येऊन त्याचे प्रेत नेतात आणि कबरेत ठेवतात. मग १५:४३-४६ वाचा आणि येशूंचे प्रेत कोण मागायला जातो ते पाहा. बारा जणांपैकी तिथे कोणी नाही.

योहानाचे अनुयायी त्याच्या मरणाने विखुरले नाहीत. प्रेषितांची कृत्ये १९:१-७ मध्ये पौलाला इफिसात सुमारे बारा माणसे भेटतात, यार्देनपासून शेकडो कोसांवर, आणि त्यांना ठाऊक असतो तो फक्त योहानाचा बाप्तिस्मा. इराक-इराणकडचे मंदाई लोक आजही त्याला मोठा गुरू मानतात. कुराणात तो याह्या आहे, झकरियाचा मुलगा.

शेवटी पाळणा

लूकाचा पहिला अध्याय मी मुद्दाम शेवटी ठेवतो. तो आधी वाचला की नाताळच्या गोडव्यात नदीकाठचा माणूस दिसत नाही; शेवटी वाचला की त्या गोडव्यातही पुढचे सगळे ऐकू येते. १:५-२५, १:३९-४५, मग १:५७-८०.

जखऱ्या मंदिरात धूप जाळताना गब्रीएल दूत त्याला मुलगा होईल असे सांगतो. जखऱ्या म्हातारा, अलीशिबा वांझ. त्याचा विश्वास बसत नाही आणि तो मुका होतो. ज्याचा मुलगा 'वाणी' होणार, त्या बापाची वाणी नऊ महिने बंद. बारशाच्या वेळी नातलग बापाचेच नाव ठेवायला निघतात, अलीशिबा नाही म्हणते, आणि जखऱ्या पाटी मागवून लिहितो: याचे नाव योहान आहे. यहोवाची कृपा झाली, असा त्या नावाचा अर्थ. तेव्हा त्याची जीभ सुटते.

मधल्या भागात मरीया अलीशिबेला भेटायला येते आणि सहा महिन्यांचे बाळ पोटात उडी मारते. जन्माआधीच त्याचे काम सुरू झालेले आहे. या सहा महिन्यांच्या हिशेबानेच मंडळी योहानाचा जन्मदिवस २४ जूनला पाळते, नाताळच्या अलीकडे बरोबर अर्धे वर्ष. संत ऑगस्टीनने याची जोड योहान ३:३० शी घातली, जिथे योहान म्हणतो की त्याची वाढ व्हावी आणि मी घटत जावे: जूनअखेरपासून दिवस लहान होत जातात, डिसेंबरअखेरपासून मोठे. गोव्यात हाच दिवस सांजांव. पावसाने विहिरी काठोकाठ भरलेल्या असतात, डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून लोक त्यांत उड्या घेतात, शिवोलीला सजवलेल्या होड्या निघतात. ती उडी पोटातल्या बाळाची, असे तिथले जुने लोक सांगतात. त्या दिवशी तुम्ही गोव्यात असाल तर विहिरीकाठी उभे राहून लूक १:४४ आठवून पाहा.

अध्यायाचे शेवटचे वचन, १:८०, एका दमात तीस वर्षे ओलांडते: मुलगा वाढत गेला, आत्म्याने बळकट झाला, आणि इस्राएलास प्रकट होईपर्यंत अरण्यात राहिला. तिथून पाने मागे उलटा आणि मार्क १:४ पुन्हा वाचा, जिथे कोणाचा कोण हे न सांगता मार्क एवढेच लिहितो की योहान आला.